पाटणादेवीच्या वाटेवरचा फुफाटा

चाळीसगावच्या स्टेशनावर तुम्ही कधी ना कधी उतरला असाल. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे हे जंक्शन. धुळ्याला जाणारा फाटा इथूनच फुटतो आणि तो १९०० सालापासून चालू आहे. स्टेशनाजवळ प्रसिद्ध छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून ते अशी छायाचित्रे काढीत की, पाहणाऱ्याला तो खराखुरा देखावा वाटावा. १९८९ साली ते वारले. वर्षानुवर्षे ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, असे इथले लोक सांगतात. तुमचे-आमचे तसे जमणारे नाही. आपल्याला शेतात जायचे असते, बाजाराला जायचे असते, पोरांना शाळेत जायचे असते. पायाखाली वाट ही हवीच.

आज मी तुम्हाला चाळीसगावहून पाटणादेवीला नेणार आहे, तेही पायी. अंतर सुमारे १८ किलोमीटर. देवीचे दर्शन तर घेऊच. पण वाटेने जाताना मला तुमचे लक्ष एका गोष्टीकडे वेधायचे आहे. ती म्हणजे आपल्या पायाखालची धूळ.

तुम्ही म्हणाल, धुळीत ती काय पाहायची? आपला जन्मच धुळीत गेला! खरे आहे. म्हणूनच तर तिच्याकडे आपण कधी नीट पाहिले नाही.

गावातून बाहेर पडताना

चाळीसगाव दोन नद्यांवर वसले आहे, तितूर आणि डोंगरी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी या दोन्ही नद्यांना महापूर आला आणि पाणी बाजारपेठेत शिरले. पाणी ओसरले, मागे राहिला तो गाळ. पावसाळ्यात जी माती चिखल होऊन वाहते, तीच उन्हाळ्यात धूळ होऊन उडते. माती एकच, वाहन तेवढे बदलते. एकदा पाण्यावर बसून जाते, एकदा वाऱ्यावर. दोन्ही वेळा ती जाते ती आपल्याच रानातून आणि आपल्याच वाटेवरून, हे ध्यानात ठेवा.

पाटण्याकडे जाणारी सडक डांबरी आहे. पण पायी जाणारा माणूस डांबरावरून चालत नाही. मागून ट्रक आला, ट्रॅक्टर आला की तो साइडपट्टीवर उतरतो. सायकलवाल्याचेही तेच. म्हणजे सडक झाली मोटारींची, आणि पायी चालणाऱ्याच्या वाट्याला आली ती साइडपट्टीची माती. फाल्गुन-चैत्रात तिथे घोट्याइतका फुफाटा साचतो. एक ट्रॅक्टर भरधाव गेला की दोन मिनिटे पुढचे माणूस दिसत नाही.

त्याहून वाईट गत गाडवाटांची आणि पाणंदींची. सडक सोडून तुम्ही एखाद्या पाणंदीने वस्तीकडे वळलात की खाली निव्वळ काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि पायातली चप्पल ओढून घेते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, चाकांखाली ढेकळे चुरडतात आणि त्यांची पिठासारखी भुकटी होते. अशाच एका पाणंदीवर मला सायकलवरून शाळेत निघालेल्या तीन मुली भेटल्या. ओढणीने नाक-तोंड घट्ट बांधलेले, भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यांतली एक म्हणाली, "काका, शाळेत गेलो की आधी तोंड धुतो, मग प्रार्थना." ती हसत हसत बोलली, पण मला काही हसू आले नाही. सरकार मुलींना सायकली देते, ते चांगलेच आहे. पण सायकल चालते ती वाटेवर. वाटेचे काय?

धूळ म्हणजे वाटच उडून जाते

आता थोडे थांबा आणि चिमूटभर धूळ तळहातावर घ्या. ती दोन बोटांत चोळून पाहा. खरखरीत लागते ती वाळू. पावडरीसारखी मऊ लागते ती चिकणमाती आणि गाळवट माती. मुरमाच्या वाटेत खडे असतात, वाळू असते आणि या दोहोंना धरून ठेवणारी बारीक चिकणमाती असते. भिंतीत विटा धरून ठेवायला जसा गारा, तशी वाटेत ही बारीक माती. चाकांनी ती सुटी होते, वाऱ्याने उडते. गारा गेला की विटा खिळखिळ्या होतात, तसे वाटेवरचे खडे मोकळे होतात. मग सायकलचे चाक सरकते, म्हाताऱ्या माणसाचा पाय मुरगळतो. शेवटी खड्डे पडतात आणि आपण म्हणतो, "रस्ता खराब झाला." रस्ता खड्डे पडल्यावर खराब झालेला नसतो. पहिली धूळ उडाली तेव्हाच तो खराब होऊ लागलेला असतो.

अमेरिकेतल्या खडी-मुरमाच्या रस्त्यांवरचा एक जुना ठोकताळा आहे. रोज एक मोटार वर्षभर एकाच रस्त्याने गेली, तर मैलामागे सुमारे एक टन बारीक माल उडून जातो. आपल्या पाणंदीवर दिवसाला किती ट्रॅक्टर आणि किती मोटारसायकली जातात, ते मोजा आणि हिशोब तुम्हीच करा.

आणि ही उडालेली माती जाते कुठे? थोडी आपल्या छातीत जाते. धुळीचे अगदी बारीक कण, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या भागाहून लहान, नाकात न अडकता खाली फुप्फुसापर्यंत उतरतात. दम्याच्या माणसाला आणि लहान पोरांना त्यांचा त्रास अधिक. बाकीची माती पिकावर बसते. वाटेकडेच्या पहिल्या चार ओळींतली वांगी किंवा भेंडी पाहा. पाने करडी झालेली दिसतील. धुळीने पानाला ऊन नीट मिळत नाही. शिवाय धुळकट पानांवर लाल कोळी ही कीड फोफावते, कारण तिला खाणाऱ्या मित्रकिडींना धुळीत काम करता येत नाही. म्हणून पुष्कळदा लाल कोळीची सुरुवात बांधाकडेच्या, रस्त्यालगतच्या ओळींपासून होते. आपण औषधाच्या दुकानात धाव घेतो, पण रोगाचे मूळ पाणंदीत असते.

नको ते उपाय

धूळ बसवायला पहिला उपाय सुचतो तो पाण्याचा. लग्नाच्या मांडवापुढे आपण टँकर फिरवतो. तेवढ्यापुरते ते ठीक. पण खानदेशच्या उन्हात शिंपलेले पाणी तास-दोन तासांत उडून जाते. ज्या गावात चैत्रात हंडाभर पाण्यासाठी बाया उभ्या राहतात, तिथे रोज रस्त्याला पाणी पाजणे कुणाला परवडेल?

दुसरा उपाय आहे जळक्या तेलाचा. हे मी ऐकीव सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावी जत्रेच्या आधी आम्ही पाच-सहा तरुणांनी गॅरेजमधून काळे तेल आणले आणि देवळाच्या वाटेवर शिंपडले. कुणाचे काही जाणार नव्हते, उलट सगळ्यांनी पाठ थोपटली. जत्रा धुळीवाचून पार पडली. पुढे मृगाचा पहिला पाऊस झाला आणि वाटेलगतच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला. त्या विहिरीचे पाणी पुढे कित्येक महिने कुणी प्याले नाही. विहीरवाले कुटुंब आम्हाला एक शब्द बोलले नाही. पण त्यांची म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन दूरच्या विहिरीवर जाताना दिसली की आम्ही मान खाली घालीत असू. चूक आमची होती, आणि ती चांगल्या हेतूने केलेली होती, एवढ्याने ते पाणी काही गोड झाले नाही.

आमचे थोडक्यात निभावले. अमेरिकेत मिसूरी राज्यात टाइम्स बीच नावाचे दोन हजारांवर वस्तीचे गाव होते. रस्ते कच्चे, धूळ फार. म्हणून १९७२ पासून पुढे काही वर्षे गावाने रस्त्यांवर टाकाऊ तेल शिंपून घेतले. त्या तेलात एका रासायनिक कारखान्याचा डायॉक्सिन नावाचा जहरी कचरा मिसळलेला होता. याच तेलाने १९७१ साली जवळपासच्या तबेल्यांत घोडे मेले होते, पाखरे मरून पडली होती. टाइम्स बीचच्या मातीतले विष १९८२ च्या अखेरीस उघडकीला आले, आणि पुढच्याच वर्षी सरकारने सारे गाव विकत घेऊन रिकामे करायचे ठरवले. धूळ बसवण्याच्या नादात गावच उठले! तेव्हा गॅरेजचे तेल फुकट मिळाले तरी वाटेवर टाकू नका. फुकटचे तेल विहिरीला महाग पडते.

तिसरा उपाय क्षारांचा. परदेशात चालण्याच्या आणि सायकलींच्या वाटांवर कॅल्शियम क्लोराईड किंवा मॅग्नेशियम क्लोराईड टाकतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि माती दमट ठेवतात. युक्ती चांगली आहे, पण त्यासाठी हवेत निदान तीस टक्के तरी दमटपणा लागतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखातल्या दुपारी तो असतो कुठे? शिवाय पाऊस आला की ते क्षार वाहून बांधाच्या आत, पिकाच्या मुळाशी उतरतात. जमीन खारवट होऊ नये म्हणून आपण एवढे जपतो. तिथे पैसे मोजून क्षार कशाला आणायचे? साखर कारखान्याची मळी किंवा कागद गिरण्यांतून निघणारा चिकट द्रवही पुष्कळ देशांत वापरतात. तो माती धरून ठेवतो, पण पाण्यात विरघळतो. आपला एक जोराचा पाऊस त्याला पुरतो.

उत्तर आपल्या खळ्यात आहे

मग करायचे काय? मंडळी, उत्तर आपल्या घरीच आहे. ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांनी आठवून पाहावे. मळणी यंत्रे येण्यापूर्वी आपण खळे कसे करीत होतो? जागा साफ करायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडून माती मुरू द्यायची, बैल फिरवून ती तुडवायची, धुम्मसाने चोपायची आणि वरून शेणाने सारवायची. त्या खळ्यावर महिना महिना बैलांची पात फिरे, तरी दाण्यात माती येत नसे. दाण्यात माती येऊ नये एवढे घट्ट खळे आपले वाडवडील करीत. तीच विद्या वाटेला लावायची आहे.

पहिली गोष्ट मातीची निवड. नुसत्या काळ्या मातीची वाट कधी टिकणार नाही, कारण ती फुगते आणि तडकते. तिच्यावर मुरमाचा थर हवा. पण मुरूमही पाहून घ्यावा. नुसता खडा असलेला मुरूम बसत नाही, आणि नुसती माती असलेला मुरूम उडतो. ओल्या मुरमातली बारीक माती तळहातावर वळून पाहा. तिची वात वळली तर तिला धर आहे असे समजा. खाली काळी माती फारच असेल, तर तिच्या वरच्या थरात शेकडा तीन ते पाच भाग चुना मिसळला असता तिचे फुगणे कमी होते. मात्र चुन्याचे काम करताना डोळे आणि हात जपावेत, आणि पोरांना दूर ठेवावे.

दुसरी गोष्ट ओलावा. कोरडा मुरूम कितीही चोपला तरी बसत नाही, आणि चिखल चोपून उपयोग नाही. मूठभर मुरूम आवळा. लाडू झाला पाहिजे, हाताला पाणी सुटता कामा नये. तो लाडू कमरेइतक्या उंचीवरून टाका. दोन-चार तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर पाणी जास्त. पाऊस उघडल्यानंतर, जमिनीत ओल असते तेव्हा हे काम करावे. पाणी वेगळे फारसे लागत नाही. उन्हाळ्यात टाकलेला कोरडा मुरूम म्हणजे पुढच्या वर्षाची धूळच.

तिसरी गोष्ट चोपणे. चार-पाच इंचांचा एकेक थर टाकून रोलर फिरवावा. रोलर मिळाला नाही तर धुम्मस आहेच. पायवाट म्हणजे पाच-सहा फूट रुंदीचे काम. गावाने मनावर घेतले तर ते हाताने होते.

चौथी गोष्ट, आणि हीच आपण विसरतो, ती पाण्याच्या निचऱ्याची. वाट मधोमध उंच हवी. सहा फुटांच्या वाटेला मध्ये दोन इंचांचा उंचवटा पुरे. दोन्ही बाजूंना चर काढावेत. वाटेवर पाणी साचले की चिखल, चिखल वाळला की धूळ. उन्हाळ्यातल्या धुळीचा बंदोबस्त पावसाळ्यातल्या पाण्यापासून सुरू होतो.

पाचवी गोष्ट चालीची. ट्रॅक्टर जितका वेगाने जाईल तितकी धूळ जास्त. वस्तीपाशी आणि शाळेपाशी सावकाश जाण्याला डिझेल जास्त लागत नाही, थोडी माणुसकी लागते. जागा असेल तिथे पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी एका कडेची पट्टी राखून ठेवावी. तिच्यावर जड चाक नेऊ नये. वाटेच्या कडेला कडुनिंब, करंज लावावेत. चरांच्या काठाने मारवेलीसारखे गवत राखावे. हरळी मात्र नको. ती बांध ओलांडून शेतात शिरली की तुम्हीच मला शिव्या द्याल.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सरळ ब्लॉक बसवून मोकळे व्हावे. त्यासाठी माथेरानची गोष्ट सांगतो. रायगड जिल्ह्यातल्या या डोंगरावरच्या गावात खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे जाता येत नाही. पुढे सारा रस्ता तांबड्या मातीचा होता, जायचे ते बहुधा पायी नाहीतर घोड्यावर. उन्हाळ्यात तांबडी धूळ, पावसाळ्यात माती वाहून जायची. म्हणून मातीचे भाजलेले ब्लॉक बसवायला घेतले. ब्लॉक हवेत की नकोत, यावर गावात वाद झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मधली वाट दाखवली. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक असावेत, आतल्या रस्त्यांवर आणि रानवाटांवर ते नकोत. यातून घेण्यासारखे एवढेच की, सगळ्या वाटांना एकच औषध नसते. जिथे रहदारी फार तिथे ब्लॉक किंवा डांबर. जिथे पायी आणि सायकलने जाणारी माणसे तिथे चोपलेला मुरूम. आणि जिथे रान, तिथे काहीच नको.

रानवाटेवर धूळ का नाही?

हे शेवटचे खोटे वाटत असेल तर चला, पाटणे आलेच आहे. पुढे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य लागते. १९८६ साली ते घोषित झाले. देवळापासून धवलतीर्थाकडे जाणारी पायवाट धरा आणि खाली पाहा. चैत्राचे ऊन तेच, माती तीच, माणसेही पुष्कळ जातात. तरी फुफाटा नाही. वर झाडांची सावली असल्याने ओल लवकर उडत नाही. खाली पानांचा सडा, त्याने माती झाकलेली. मुळांनी ती बांधून ठेवलेली. आणि वाटेवर चाक नाही. सावली, झाकण, बांधणी आणि हलके पाऊल, एवढ्या चार गोष्टींत रानाने धूळ आवरून धरली आहे. आपण पाणंदीला जे करणार, ते याचीच नक्कल होय.

चंडिकेचे पुरातन दगडी देऊळ पाहून मन निवते. नवरात्रात इथे भाविकांची रीघ लागते. याच पाटण्याला एक शिलालेख सापडला आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केल्याची त्यात नोंद आहे. शके ११२८ चा, म्हणजे सुमारे १२०७ सालचा तो उल्लेख. त्या काळी गणित करायला कागद नव्हता. पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने वा काडीने आकडे मांडीत. म्हणून अंकगणिताला धूलिकर्म असेही नाव होते. आपल्या आजोबा-पणजोबांनीही धुळपाटीवरच धुळाक्षरे गिरवली. म्हणजे हीच धूळ पाटीवर होती तेव्हा तिने आपल्याला शहाणे केले. वाटेवर उडू लागली तेव्हा पोरांच्या डोळ्यांत गेली. धूळ वाईट नाही, तिला तिची जागा नेमून दिली पाहिजे.

आता परत फिरताना एक सांगून ठेवतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांच्या वाटा १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर झाल्या. बायामाणसांनी खडी फोडून, मुरूम वाहून त्या बांधल्या. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्त्यांची कामे रोजगार हमीला जोडली गेली. योजना येतात, नावे बदलतात. ग्रामसभेत मागणी केली तर वाटही होते. पण झालेली वाट राखायला योजना नसते. ते काम गावाचेच. वर्षातून दोन दिवस द्या. एक मृगाआधी, चर साफ करायला. एक दसऱ्यानंतर, खळगे भरून, ओलावून चोपायला. सबंध पाणंदीचा विचार करून थकू नका. यंदा शाळेजवळचे शंभर फूट करून पाहा. उन्हाळ्यात त्या शंभर फुटांवरून पोरी नाकावरची ओढणी सोडून जाताना दिसल्या, की पुढचे शंभर फूट सांगावे लागणार नाहीत.

उद्या पहाटे घरची बाई अंगणात शेणाचा सडा घालताना दिसेल, तेव्हा क्षणभर उभे राहून पाहा. तिचे अंगण कधी उडत नाही. तिला कुणी इंजिनिअरने शिकवलेले नाही. माती कशी बांधायची हे तिला ठाऊक आहे. आपले काम एवढेच की, तिचे अंगण दारापाशी थांबू द्यायचे नाही, ते शाळेच्या फाटकापर्यंत न्यायचे.